कामठीचा कॉन घ्यावा की मुंबईचा मार्क सिक्स?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. चार वर्षं अल्टो सॅक्सोफोन वाजवतोय, आता त्याहून मोठा, खालच्या आवाजाचा जुना टेनर घ्यायचाय, हाताशी दीड लाख आहेत. कामठीच्या एका निवृत्त बँडमास्तरांकडे चांदीचा मुलामा असलेला, अमेरिकेच्या कॉन कंपनीचा टेनर आहे. त्यावर १९१४ हे साल कोरलंय आणि ते नव्वद हजार म्हणतात. मुंबईचा एक विक्रेता 'सेल्मर मार्क सिक्स' एक लाख साठ हजारांत द्यायला तयार आहे आणि फोटोत तो सोन्यासारखा चमकतोय. कुठला घेऊ, आणि घेताना काय बघू?

आधी मुंबईचं बघू, ते लवकर आटोपतं.

सेल्मर कंपनीने पॅरिसला मार्क सिक्स काढला १९५४ साली. टेनर साधारण वीस वर्षं बनत राहिला, मग मार्क सेव्हन आला. क्रमांक पंचावन्न हजारांच्या आसपास सुरू होतात आणि दोन लाखांच्या पुढे जातात. पाच आकडी क्रमांकाचा नग निघाला की लोक वेडे होतात. माझ्या मते त्यातला अर्धा वेडेपणा आकड्याचाच आहे. सव्वा लाखाच्या पुढच्या क्रमांकाचे दोन मार्क सिक्स मी वाजवलेत, त्यातला एक अजून कानात आहे. आणि पाच आकडीतला एक असा भेटला की मालकाच्या तोंडाकडे बघून मला 'छान आहे' म्हणावं लागलं.

पण धड अवस्थेतला खरा मार्क सिक्स टेनर आज पाच-सात लाखांच्या खाली सहसा मिळत नाही. मग हा भला माणूस तुम्हाला एक-साठला का देतोय? एक तर तो मार्क सिक्स नाही, नाही तर त्याचं असं काही झालंय जे फोटोत दिसत नाही. चमक हीच पहिली खूण. पन्नास-सत्तर वर्षांचं पितळ नव्यासारखं दिसतंय म्हणजे कुणीतरी पुन्हा लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलंय. त्याआधी बफ मारतात, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणतात, आणि बफ नुसते डाग नेत नाही, पितळही नेतं. घरात आजीच्या लग्नातला तांब्या असेल तर त्यावर घातलेलं नाव बघा. वर्षानुवर्षं राखेने घासून अक्षरांच्या कडा कशा विरघळल्यासारख्या होतात! बफ खाल्लेल्या सॅक्सच्या बेलवरची, म्हणजे रुंद तोंडावरची, नक्षी तशीच दिसते. क्रमांकाचे आकडे उथळ होतात, कीचे रॉड धरणाऱ्या खांबांच्या कडा गोल होतात, आणि कोपऱ्याकापऱ्यांत नव्या लॅकरचे ओघळ सापडतात. पुन्हा लॅकर मारलेला प्रत्येक सॅक्स वाईट वाजतो असं नाही, काही उत्तम वाजतात. पण त्याची किंमत पडते, आणि ते सांगून विकायला हवं.

विक्रेता तुम्हाला बहुतेक तोफगोळ्यांच्या पितळेची गोष्टही सांगेल. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये वापरलेल्या तोफगोळ्यांची पुंगळी वितळवून सॅक्स केले, म्हणून तो आवाज, वगैरे. चहासोबत ऐकायला बरी आहे. सॅक्सचा आवाज पितळेच्या जन्मकथेपेक्षा नळीच्या आकारावर जास्त ठरतो: नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी, कुठे किती रुंदावतो, भोकं कुठे आहेत, ती झाकणारी कातडी पॅड किती उघडतात. न बघता, न वाजवता, फोटोवरून एक लाख साठ हजार पाठवू नका. मुंबई संपली.

आता कामठी. इथे मला खरा रस आहे.

पहिलं म्हणजे तो १९१४ चा नसावा. कॉनच्या जुन्या सॅक्सवर क्रमांकाजवळ '८ डिसेंबर १९१४' अशी तारीख असते. ती पेटंटची तारीख आहे, नग बनल्याची नव्हे. नळीच्या पत्र्यातूनच भोकाची कड ओढून काढण्याच्या पद्धतीचं ते पेटंट, आणि कॉनने ते पुढे बरीच वर्षं छापलं. चांदीचा मुलामा, बेलवर नक्षी, हे तुमचं वर्णन ऐकून तो विसाच्या दशकातला वाटतो. बँडमास्तर खोटं बोलत नाहीत, त्यांच्या वडिलांनी सांगितलं तेच ते सांगतायत. भांडू नका, पण किंमत ठरवताना 'एकशे दहा वर्षांचा आहे' हा मुद्दा मनातल्या मनात खोडा.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की क्रमांकाच्या वर इंग्रजी टी आहे आणि खाली 'एल किंवा एच, नीट वाचता येत नाही'. भाऊ, सगळा व्यवहार त्या एका अक्षरात आहे. टी म्हणजे टेनर, चांगली गोष्ट. एल म्हणजे लो पिच, आज सगळं जग ज्या पट्टीत वाजवतं ती. एच म्हणजे हाय पिच. त्या काळी बँडची पट्टी चढी होती. इंग्रज फौजेचे बँड तर विसाच्या दशकाच्या अखेरपर्यंत चढ्या पट्टीतच वाजत होते. आजचा 'ए' स्वर ४४० हर्ट्झचा, अमेरिकी हाय पिचचा ४५७ च्या आसपास. म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याहून जास्त वर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऐन विशीत मी असाच एक देखणा चांदीचा टेनर घेतला होता. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, पहिलंच गाणं, आणि कीबोर्डवाला माझ्याकडे बघून म्हणतो, "भाऊ, तू कोणत्या गावाचा सूर वाजवून राहिला?" मी माउथपीस बाहेर ओढला, आणखी ओढला, पार नेकवरच्या कॉर्कच्या टोकाला आणला. खालचे स्वर तरीही चढेच राहिले आणि डाव्या हाताचे वरचे स्वर उलटे उतरले. कारण साधं आहे. आखूड नळीवर वाजणाऱ्या वरच्या स्वराला दोन सेंटिमीटर म्हणजे खूप, आणि जवळजवळ पूर्ण नळीवर वाजणाऱ्या खालच्या स्वराला तेवढेच दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. हाय पिचचा सॅक्स ओढून लो पिच होत नाही. तो भिंतीवर लावायचा.

तेव्हा अक्षर वाचता येत नसेल तर वाचत बसू नका, वाजवा. माउथपीस नेहमीसारखा कॉर्कवर मधोमध ठेवा, दहा मिनिटं फुंकून नळी गरम होऊ द्या, मग फक्त डाव्या हाताची तर्जनी दाबून स्वर धरा, ऑक्टेव्ह की (स्वर सप्तकभर वर नेणारी) न लावता. टेनरवर हा लिहायचा 'बी', पण कानाला येतो 'ए'. मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये २२० च्या आसपास दिसलं तर एल. २२८ च्या आसपास गेलं तर चहाचे आभार मानून परत या.

हार्मोनियम याच्यासाठी वापरू नका, घरातली पेटी स्वतःच चढलेली-उतरलेली असते. पण दुसऱ्या एका कामाला ती उत्तम. जुन्या बाजारात टेनर म्हणून सी मेलडी गळ्यात मारतात. हा सॅक्स दिसायला टेनरसारखाच, जरासा लहान. विसाच्या दशकात अमेरिकेत घरोघरी खपला, कारण पियानोच्या वहीतले स्वर जसेच्या तसे वाजवता यायचे. आज त्याला ना माउथपीस धड मिळतो ना गिऱ्हाईक. ओळखायची रीत: सॅक्सवर 'सी' वाजवा आणि पेटीवर तो शोधा. काळी पाचवर सापडला तर टेनर. पांढरी एकवर सापडला तर सी मेलडी. काळी दोनवर सापडला तर तुमच्या हातात तुमचाच अल्टो आहे, चहा जास्त झाला.

पट्टी बरोबर निघाली की मग शरीर बघायचं, आणि सुरुवात नेकपासून. लोक बेलवरचा पोचा बघून घाबरतात. बेलवरच्या पोच्याने आवाजाला फारसं काही होत नाही. नेकचं तसं नाही. नळीचा सगळ्यात अरुंद, सगळ्यात महत्त्वाचा भाग तो, आणि तोच सगळ्यात जास्त मार खातो. कोरड्या कॉर्कवर माउथपीस जोर लावून घालणारा प्रत्येक वादक नेकला थोडा थोडा खाली दाबत असतो. पन्नास वर्षांत तो वाकतो. नेक काढून हातात घ्या, बाजूने डोळ्यासमोर धरा. वळणाच्या सुरुवातीला वरची रेघ सपाट झाली असेल आणि खालच्या बाजूला पत्रा किंचित फुगला किंवा सुरकुतला असेल, तर तो दबलेला आहे. बोट फिरवलं तर गोल नळी तिथे लांबट लागते. मग आत बघा, उजेडाकडे धरून. पितळेत गुलाबी ठिपके दिसले तर थुंकीतल्या आम्लाने पितळेतलं जस्त खाल्लंय आणि तांबं उघडं पडलंय. दोन-चार ठिपके चालतील. चाळणी झाली असेल तर नाही.

आणि नेक दबलेला असेल तर तो कुणाकडे सरळ करायचा, हे माझ्या चुकीतून ऐका. मी माझा एकदा एका कसबी भांडीवाल्याकडे नेला. हात असा की हंड्याचा पोचा दोन ठोक्यांत काढायचा. त्याने माझा नेकही दोन ठोक्यांत गोल केला, सुरेख, फक्त आतला उतार गेला. सॅक्सची नळी सतत रुंदावत जाते, आणि त्याने एका जागी ती सरळ पाइपसारखी केली. दिसायला नवा कोरा, वाजवायला मधला 'डी' खोकल्यासारखा. त्याची काही चूक नव्हती, हंडा वाजवावा लागत नाही.

आता भोकं. जुन्या कॉनची ही खासियत: भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवलेल्या असतात, तांब्याच्या ओठासारख्या. कॉनने ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच सोडली. पॅड अशा गोल ओठावर मऊ बसतं आणि जास्त टिकतं. पण कड वर-खाली झाली तर ती घासून सपाट करता येत नाही. घासली की ओठ उघडतो. आणि कुणीतरी ती घासलेली असते! नख घ्या आणि मोठ्या भोकांच्या कडेवरून फिरवा. सगळीकडे गुळगुळीत गोलाई लागली तर बरं. कुठे धारदार, कापल्यासारखी कड लागली तर तिथे कानस फिरलीय.

हवा कुठे गळतेय हे बघायला महाग दिवा लागत नाही. सीताबर्डीला दिवाळीत मिळते ती बारीक एलईडीची माळ घ्या, अंधाऱ्या खोलीत सॅक्सच्या नळीत सोडा आणि एकेक की अगदी हलक्या हाताने दाबा. हलक्या हाताने, हे मुद्दाम सांगतो, कारण जोर लावला की फाटकं पॅडही बसतं आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. उजेडाची रेघ दिसली तिथे गळती. एक-दोन रेघा कुठल्याही जुन्या सॅक्सला असतात. सगळीकडून दिवाळी दिसली तर सगळी पॅड बदलायची आहेत, आणि टेनरला ती वीसच्या वर असतात.

पॅड ज्याने चिकटवलीत तेही बघा. कातडी पॅड चपडा लाखेने बसवतात, आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवर होणारी तीच लाख. की तापवली म्हणजे लाख मऊ होते, पॅड केसभर हलवता येतं, थंड झालं की पक्कं. दोन ट्यूबचा गोंद वापरून कुणी पॅड बसवली असतील तर ती हलत नाहीत, उकरून काढावी लागतात. बँडवाल्यांच्या सॅक्समध्ये मी हे इतक्यांदा बघितलंय की आता राग येत नाही. लग्नाच्या वरातीत रात्री अकराला पॅड पडलं तर माणूस काय करेल?

मग खुळखुळा. की धरून बाजूला हलवा. रॉडवर लांबीच्या दिशेने सरकत असेल, टकटक आवाज येत असेल, तर कीच्या नळ्या झिजल्यात. हे दुरुस्त होतं, पण वेळखाऊ काम आहे, आणि झिजलेल्या कीवर नवं पॅड रोज वेगळ्या जागी बसतं. शेवटी सॅक्स उभा धरून रॉडच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. नळी वाकलेली असेल तर रॉडची सरळ रेघ आणि नळीची रेघ एकमेकींशी भांडताना दिसतात.

यंत्राबद्दल एक गोष्ट परदेशी लोक सांगणार नाहीत, कारण त्यांना तिची गरज नाही. आपल्याकडे गायक काळी एकमध्ये गातात, निदान बरेच पुरुष गायक. काळी एकचा सा म्हणजे टेनरवर ई फ्लॅट. त्याचा शुद्ध मध्यम येतो जी शार्पच्या कीवर, डाव्या करंगळीला. म्हणजे अमेरिकेतल्या वादकाच्या वाट्याला जी की अधूनमधून येते ती आपल्याला प्रत्येक ओळीत लागते. आणि सगळ्या सॅक्सवर चिकटणारं पॅड नेमकं तेच, कारण ते बोटाने उघडत नाही. बोट फक्त वाट मोकळी करतं, पॅड एका अशक्त स्प्रिंगने स्वतःहून उठतं. पावसाळ्यात उठत नाही. विसाच्या दशकातल्या कॉनवर करंगळीचा हा सगळा गठ्ठा आजच्या यामाहाच्या मानाने अवघड आहे. काही नगांवर जी शार्पची की कानशीसारखी खरबरीत असते, करंगळीला अंधारात सापडावी म्हणून. अल्टोवर चार वर्षं काढलेल्या हाताला पहिले दोन महिने शिव्या द्याव्याशा वाटतील. कामठीला बसल्या बसल्या काळी एकमधला कुठलाही अभंग अर्धा तास वाजवून बघा. करंगळी दुखली तर घरी विचार करा.

इतकं सगळं सोसून जुना घ्यायचा कशासाठी? आवाजासाठी, दुसरं काही नाही. तुमच्या मनात बसलेला हिंदी गाण्यातला सॅक्स बऱ्याचदा अल्टो असतो. मनोहारी सिंग यांची ओळखच अल्टोची. टेनरचा कान वेगळा घडवावा लागतो. अमेरिकी जॅझवाला लेस्टर यंग ऐका, तिसाच्या दशकातला, तो कॉनवर वाजवत होता. नंतर डेक्स्टर गॉर्डन ऐका, जो आधी कॉनवर होता आणि पुढे मार्क सिक्सवर गेला. एकाच माणसाचा घसा दोन नळ्यांतून कसा बदलतो ते कळेल, आणि किती बदलत नाही तेही.

मला विचाराल तर जुन्या कॉनचा आवाज पसरट आहे, सतरंजी अंथरल्यासारखा, आणि सेल्मरचा गोळीबंद. मोठ्या मंडपात, माइक समोर असताना, गोळीबंद आवाज सोपा पडतो. छोट्या बैठकीत, तबला आणि पेटीसोबत, पसरट आवाज गायकाच्या खाली जाऊन बसतो आणि त्याला उचलतो. टेनरचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे खर्जातली काळी चार. चांगल्या जुन्या टेनरवर तो स्वर हळू, अगदी कुजबुजत लागला पाहिजे. जोरात तो कुठल्याही डब्यावर लागतो. बँडमास्तरांसमोर जोरात वाजवून इम्प्रेशन मारू नका, पहिल्या पाच मिनिटांत खालचे चार स्वर जमतील तेवढे हळू धरा. घुरघुर आली, आवाज मोटरसारखा थरथरला, तरी लगेच नापास करू नका. जुन्या कॉनला ही खोड असते. काही लोक बेलच्या खालच्या वळणात बाटलीचं बूच टाकतात आणि थरथर जाते. ऐकायला थट्टा वाटते, पण मी केलंय.

माउथपीस मात्र बदलावा लागेल. त्या काळच्या माउथपीसची पोकळी मोठी आणि गोल असायची, नळी त्या हिशोबाने काढलेली. आजचा अरुंद पोकळीचा, कर्कश माउथपीस लावला तर तळहाताच्या कीवरचे वरचे स्वर चढतात आणि लोक म्हणतात, जुने सॅक्स बेसूर असतात. बेसूर जोडी असते. मोठ्या पोकळीचा नवा माउथपीस आजही मिळतो, त्याचे पैसे वेगळे धरा.

इतर नावांबद्दल थोडक्यात, कारण कॉन फिसकटला तर पुढे काय हा प्रश्न येईलच. कॉनचाच टेन-एम, तिसाच्या दशकातला आणि त्यानंतरचा, बेलवर बाईचं चित्र असलेला, हा माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त आवाज देणारा जुना टेनर. किंगचा सुपर ट्वेंटी, चांदीच्या नेकचा, मोठा आवाज हवा असेल तर, पण भाव चढलेत. ब्यूशरमध्ये पॅड बटणासारखी चटकन बसवायची सोय होती. मागच्या दुरुस्तीवाल्याने ती बटणं छाटली असतील तर नवी पॅड बसवताना कटकट. मार्टिनची भोकं नळीला झाळून जोडलेली असतात, त्या झाळणीत कुठे फट पडली की गळती पॅडची समजून माणूस सहा महिने भटकतो. पूर्व जर्मनीचा वेल्टक्लांग स्वस्त, वजनदार, आवाज आश्चर्य वाटावं इतका चांगला, कीकाम ट्रॅक्टरचं. आणि जुन्याचा हट्ट सुटला तर वापरलेला यामाहा टेनर घ्या, झोप चांगली लागेल.

हे जुने सॅक्स आत्ताच का बाहेर येतायत, याचंही कारण आपल्या गावातच आहे. वराती धुमाल पथकांनी आणि डीजेने खाल्ल्या. ज्या घरात तीन पिढ्या सॅक्स वाजत होता तिथे आता पोरगा कीबोर्ड वाजवतो किंवा काहीच वाजवत नाही, आणि सॅक्स माळ्यावर. विकणाऱ्याला घासाघीस करताना हे लक्षात असू द्या. तो वस्तू विकत नसतो फक्त.

पैशाचं असं. नव्वद हजार ही वाजत्या, गळती नसलेल्या, सरळ नेकच्या कॉनची किंमत आहे. पॅड बदलायची असतील तर साठच्या वर जाऊ नका, कारण उरलेले तीस दुरुस्तीवाल्याला लागतील, आणि माउथपीसचे आणखी. दुरुस्तीवाला आधी शोधा, सॅक्स नंतर. जो म्हणेल 'दोन दिवसांत देतो' त्याला देऊ नका. टेनरची सगळी पॅड दोन दिवसांत बसत नाहीत, निदान बसलेली राहत नाहीत. चांदी काळी पडलीय म्हणून भाव पाडू नका, काळेपणा हा दोष नाही. आणि घरी आणल्यावर आईला सांगून ठेवा, चिंच लावायची नाही.

घरी आणल्यावरचं नागपूरचं म्हणून एवढंच. मे महिन्यात बंद गाडीत सॅक्स ठेवू नका. मी एकदा अमरावतीच्या कार्यक्रमाला जाताना वाटेत जेवायला थांबलो, तासभर गाडी उन्हात. सॅक्सची पेटी उघडली तर लाख मऊ होऊन खालच्या 'सी'चं मोठं पॅड एका बाजूला कललेलं, आणि त्या रात्री मी तो स्वर टाळून वाजवत होतो. दुसरा शत्रू कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे सॅक्स स्टँडवर उघडा ठेवला की महिनाभरात निळ्या स्प्रिंगांवर तांबूस गंज धरतो. वाजवून झालं की धोतराच्या जुन्या सुती तुकड्याने आतून पुसा, सॅक्सच्या पेटीत ठेवा, ती पेटी दुसऱ्या खोलीत.

कामठीला रविवारी सकाळी जा, ऊन चढायच्या आत. एलईडीची माळ, मोबाईल, हार्मोनियम नेता आली तर हार्मोनियम, आणि कुणाचा तरी टेनरचा माउथपीस नव्या रीडसकट, म्हणजे त्यावरच्या वेताच्या पट्टीसकट. बँडमास्तरांच्या माउथपीसवर जी रीड असेल ती बहुधा तुमच्या अल्टोपेक्षा जुनी असेल, आणि तिच्यावरून सॅक्सला नापास केलंत तर माझ्याकडे तक्रार आणू नका. भावाचं बोलणं वाजवून झाल्यावर. आणि त्यांना आधी एक चीज वाजवायला सांगा. मास्तर कुठल्या स्वराला ओठ आवळतात, कुठली की दोनदा दाबतात, ते बघत राहा. त्या सॅक्सचे दोष त्यांच्या बोटांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.